प्लेनोतला संसार, जेलरोडवरचे निर्णय: एका कुटुंबाचं प्रकरण

ऑगस्ट २०२३ मध्ये नाशिकरोडच्या जेलरोड भागातलं एक ज्येष्ठ जोडपं माझ्याकडे समुपदेशनासाठी आलं. तक्रार स्वतःबद्दल नव्हती. मुलगा आणि सून अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनो शहरात राहतात, दोघांत धड बोलणं उरलेलं नाही, सून सासरच्यांशीही तुटक वागते. तेव्हा 'तुम्ही तिला दोन शब्द समजावून सांगा', एवढीच त्यांची विनंती होती.

नाशिकमध्ये अशी विनंती आता नेहमीची झाली आहे. गंगापूर रोड घ्या, इंदिरानगर घ्या, नाहीतर पाथर्डी फाटा. ज्यांची मुलं डॅलस, न्यू जर्सी, टोरांटो किंवा मेलबर्नला आहेत अशी घरं बहुतेक सोसायट्यांत सापडतात. या घरांत काही बिनसलं की सगळ्यांची नजर परदेशातल्या दोघांवर जाते. माझं मत वेगळं आहे. संसार प्लेनोत आणि त्याचे निर्णय जेलरोडवर अशी घडी बसलेली असेल, तर नुसतं प्लेनोत काम करून नातं सावरत नाही. नाशिकच्या घरातही तेवढंच काम करावं लागतं. हे प्रकरण सविस्तर मांडते आहे ते त्यासाठी. चौघांचीही संमती घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

फुलस्केपवरची तक्रार

वडिलांना घरात नाना म्हणतात, आईंना माई. नाना प्रेसमधून, म्हणजे नोटा-मुद्रांक छापणाऱ्या सरकारी छापखान्यातून, निवृत्त झालेले. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की कुठली ते विचारावं लागत नाही. उभा जन्म शिफ्टच्या शिस्तीत गेला, त्यामुळे घरातलं प्रत्येक बिल आणि पावती फायलीत. माझ्याकडे येतानाही त्यांनी फुलस्केप कागदावर मुद्दे लिहून आणले होते. सून फोनवर दोन मिनिटं बोलून आत निघून जाते. दिवाळीला कुरिअरने पाठवलेला फराळ कसा झाला होता हेही कळवत नाही. नात आजीशी इंग्रजीतच बोलते आणि सून तिला टोकत नाही. मुलगा, निखिल, काही विचारलं की 'बघू' म्हणतो. असे मुद्दे ओळीने, क्रमांक घालून लिहिलेले होते. कागदाच्या तळाशी माईंच्या अक्षरात, पेन्सिलीने, आणखी दोनच शब्द होते: 'निखिल वाळलाय.'

निखिल एकुलता एक. इंजिनिअरिंग नाशिकलाच केलं, पहिली नोकरी पुण्यात, आणि २०१३ मध्ये एच-१बी, म्हणजे नोकरीच्या, व्हिसावर अमेरिकेला गेला. डिसेंबर २०१५ मध्ये लग्न झालं. अश्विनी सिन्नर तालुक्यातली, तीही एकुलती एक. एम.फार्म. करून नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवत होती. २०१६ मध्ये नोकरी सोडून एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, ती प्लेनोला गेली. २०१८ मध्ये मुलगी झाली.

सासू-सुनेचं पटत नाही, असं म्हणून या कागदाची घडी घालता आली असती. नातेवाइकांनी तसं केलंच होतं. मी नानांना आधी एकच प्रश्न विचारला: फोन किती वाजता होतो?

साडेसातचा फोन

माईंचा फोन रोज सकाळी साडेसातला. देवपूजा आटोपलेली असते, नानांचा चहा झालेला असतो, आणि ओट्यावर पोह्यांच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला असतो. उन्हाळ्यात प्लेनोचं घड्याळ नाशिकच्या साडेदहा तास मागे असतं. आपल्याकडे सकाळचे साडेसात, तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे नऊ. मुलगी साडेआठला झोपते, भांडी डिशवॉशरमध्ये जातात, आणि दिवसभरात नवरा-बायकोला मिळणारा पहिला मोकळा तास सुरू होतो. नेमका तोच तास २०१६ पासून नाशिकच्या फोनला जात होता. नोव्हेंबरात तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात. मग तोच फोन रात्री आठला वाजतो, मुलीला अंघोळ घालून झोपवण्याच्या धांदलीत. थंडी पडली की सूनबाई जास्तच चिडचिड करते, असं माईंचं निरीक्षण होतं आणि ते त्यांनी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

मी फळ्यावर दोन घड्याळं काढली. माई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तिच्या निजानिजेच्या वेळेला फोन करते होय?" इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. आईला वाईट वाटेल म्हणून निखिल गप्प, आणि आपणच वाईट ठरू म्हणून अश्विनी गप्प.

फोनवर काय बोलणं व्हायचं तेही विचारलं. सोसायटीच्या टाकीची गळती, चुलतभावाच्या लग्नात आहेर किती करायचा, गाडी नवी घ्यावी की जुनी. २०१९ मध्ये गंगापूर रोडला फ्लॅट बुक झाला तो याच फोनवर. नाव निखिलचं आणि नानांचं, हप्ता निखिलच्या पगारातून. अश्विनीला हे कळलं ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, कानावर पडलं म्हणून. नाना म्हणाले, "आम्ही काही लपवलं नाही, ती तिथेच होती की." ते खरंच होतं. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. फक्त विचारलं नव्हतं.

कुटुंबोपचाराच्या अभ्यासात मरे बोवेन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने मांडलेली त्रिकोणाची कल्पना इथे उपयोगी पडते. दोघांतला ताण दोघांना पेलवेनासा झाला की ते तिसऱ्याला आत ओढतात. तात्पुरतं हलकं वाटतं, पण मूळ दोघांचं बोलणं तिथेच थांबतं. निखिलला घरातल्या अवघड गोष्टी बायकोशी बोलायला जड जात होत्या, म्हणून तो त्या नानांशी बोलायचा. नाना अनुभवी, हिशोबी, मुलावर जीव टाकणारे. ते लगेच उत्तर द्यायचे. निर्णय होऊन जायचा, आणि अश्विनीकडे फक्त त्याची अंमलबजावणी यायची. नानांना यात सत्ता गाजवायची नव्हती. मुलाला आपली गरज आहे, एवढाच त्यांचा आनंद होता, आणि तो मी खरा मानते.

काम कसं वाटून घेतलं

अमेरिकेत समुपदेशनाचा परवाना राज्यागणिक असतो. टेक्सासमध्ये राहणाऱ्या जोडप्यावर मी नाशिकमधून उपचार करणं योग्य नव्हतं, आणि इथल्या समुपदेशकांनी ही गोष्ट गांभीर्याने घ्यावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून निखिल आणि अश्विनीने तिथल्या परवानाधारक विवाह-समुपदेशकाकडे जायचं, नाना-माईंबरोबर मी काम करायचं, चौघांच्या लेखी संमतीने आम्ही दोघी समुपदेशक एकमेकींशी बोलायचं आणि अधूनमधून कुटुंबाची एकत्र बैठक घ्यायची, असं ठरलं. बैठकीची वेळ रविवारी नाशिकच्या संध्याकाळी साडेसातची. प्लेनोत तेव्हा सकाळचे नऊ. दोन्हीकडे जागी, जेवलेली-झोपलेली माणसं.

अश्विनी सहज तयार झाली नाही. ओळखीच्या पहिल्या फोनवर ती म्हणाली, "मला समजावून सांगायला फोन केला असेल तर मी आत्ताच ठेवते, ताई." मी तिला सांगितलं की नाना-माईंना काय समजून घ्यायला हवं ते मला तिच्याकडून ऐकायचं आहे.

त्याच फोनवर, ती एकटी असताना, काही प्रश्न विचारले. ते मी अशा प्रत्येक प्रकरणात आधी विचारते. तुझा पासपोर्ट कुणाकडे असतो? बँकेच्या खात्यात तुझं नाव आहे का? एकटीला बाहेर जाता येतं का? घरात कधी हात उगारला गेलाय का? कानात इअरफोन घालून, नुसतं हो-नाही म्हणून उत्तर देता येईल अशा रीतीने. परदेशात, दुसऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईसाठी हे प्रश्न जिवामरणाचे ठरू शकतात. न्यू जर्सीतली 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी हेच काम करते आहे, कारण 'घरातली गोष्ट घरात' म्हणत कित्येक जणी मार खात राहिल्या होत्या. मारहाण किंवा दहशत असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवणं धोक्याचं असतं. तिथे आधी तिची सुरक्षितता, नातं नंतर. अश्विनीच्या बाबतीत तसं काही नव्हतं. पासपोर्ट तिच्याच कपाटात होता, खातं दोघांच्या नावावर होतं. म्हणून पुढे जाता आलं.

व्हिसा घरात काय करतो

नाना-माईंना व्हिसा म्हणजे एक शिक्का एवढंच माहीत होतं. त्या शिक्क्याने मुलाच्या घरात काय होतं ते समजावण्यात आमच्या बऱ्याच बैठका गेल्या, आणि तो वेळ सत्कारणी लागला असं मला वाटतं.

एच-१बी मुळात सहा वर्षांचा. ग्रीन कार्डाची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याची, प्रक्रिया एका टप्प्यापुढे गेली की तो वाढत राहतो. नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत, ही चौकट १९९० च्या कायद्याने घातली. भारतातून अर्ज करणारे इतके आहेत की आपल्या माणसांची रांग काही दशकांची झाली आहे. निखिलची नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला ६० दिवस. त्याच्या व्हिसाला बायकोचाही व्हिसा टांगलेला. एच-४ वरच्या जोडीदाराला २६ मे २०१५ पर्यंत तिथे नोकरी करताच येत नव्हती. त्या तारखेपासून काही जणांना परवाना मिळू लागला. अश्विनीला तो २०१८ मध्ये मिळाला. मुलगी लहान असताना, २०१९ मध्ये, तिने औषध कंपनीत डेटा तपासण्याचं काम धरलं. २०२१ च्या फेब्रुवारीत परवान्याची मुदत संपली, नूतनीकरण सरकारी दिरंगाईत अडकलं आणि नोकरी गेली. नूतनीकरण उशिरा झालं तरी काही काळ काम चालू ठेवता येईल अशी तडजोड त्याच वर्षी नोव्हेंबरात एका कोर्टाच्या दाव्यात झाली. अश्विनीची जागा तोवर भरली गेली होती.

याचा संसारावर परिणाम असा होतो की प्रत्येक वाद एकाच उत्तराशी येऊन थांबतो. घर बदलू या? आत्ता नको. भारतात जाऊन येऊ? आत्ता नको, स्टॅम्पिंगला, म्हणजे परतीसाठी पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायला, अडकलो तर. दुसरं मूल? आत्ता नको. निखिल भित्रा नव्हता, पण त्याच्या नोकरीवर तिघांचं तिथलं राहणं उभं होतं आणि ते ओझं तो कुणाला सांगत नव्हता. अश्विनीच्या बाजूने पाहिलं तर नवऱ्याच्या प्रत्येक 'आत्ता नको'मागे तिला नाना दिसायचे. तिला वाटायचं, तिकडून नकार आलाय.

इतर आशियाई समाजांतही घराची ओढाताण अशीच होते, तऱ्हा निराळ्या. कोरियात बाप मायदेशी राहून पैसे पाठवतो आणि आई मुलांना घेऊन शिक्षणासाठी परदेशात राहते, अशी कुटुंबं इतकी आहेत की त्यांना 'रानहंस' बापांची कुटुंबं म्हणतात. अमेरिकेत राबणारे कित्येक चिनी आईबाप तान्ह्या बाळाला आजी-आजोबांकडे चीनला पाठवून शाळेच्या वयात परत आणतात. फिलिपिन्समध्ये आईच परदेशात नोकरीला आणि मुलं आजीकडे. आपल्याकडे, निदान मराठी मध्यमवर्गात, घर एकत्र जातं पण त्याचा कारभार मागे राहतो. हे दिसायला सगळ्यांत सौम्य वाटतं, म्हणूनच कुणी त्याकडे लक्ष देत नाही.

एप्रिल २०२१

इतकं होऊनही अश्विनीच्या बोलण्यातली धार मला उलगडत नव्हती. फोनची वेळ, फ्लॅट, नोकरी हे सगळं होतं. पण ज्या दिवसापासून ती माईंना 'माई' म्हणायची थांबली तो दिवस तिने तिथल्या समुपदेशिकेला सांगितला, आणि तिच्या परवानगीने तो मला कळला.

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिचे वडील नाशिकच्या एका रुग्णालयात वारले. नोकरी जाऊन दोन महिने झाले होते. ही बातमी प्लेनोत पोचली तेव्हा तिथे रात्र होती. निखिलने नानांना फोन लावला. नाना म्हणाले, "येऊ नका. इथे माणसं मरताहेत, स्मशानात जागा नाही. तुम्ही आलात तर परत जाता येणार नाही." फोन ठेवून निखिल बायकोला म्हणाला, "नाना म्हणतात, नको जायला." तिने वडिलांचं शेवटचं दर्शन एका नातेवाइकाच्या मोबाइलवर घेतलं, अडखळत्या चित्रात.

नानांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मुंबईच्या कॉन्सुलेटचं नेहमीचं व्हिसाचं काम त्या काळात जवळजवळ बंद पडलं होतं आणि ४ मे २०२१ पासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले. गेली असती तर अश्विनी मुलीपासून किती महिने तुटली असती, सांगता येत नाही. हे अश्विनीलाही ठाऊक होतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या कुटुंबतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून अशा वियोगावर काम केलं आहे, ज्यात माणूस गेल्याचं कळतं पण मन ते धरू शकत नाही, कारण देह पाहिलेला नसतो, हात लावलेला नसतो. अशा दुःखाला शेवट सापडत नाही आणि ते दुसरीकडे फुटतं. अश्विनीचं ते फराळाच्या डब्यावर फुटलं. तो डबा माईंनी वडील गेल्यावरच्या पहिल्याच दिवाळीला पाठवला होता. माईंच्या मनात एवढंच होतं की पोरगी दुःखात आहे, तिला करंज्या आवडतात. अश्विनीला वाटलं, यांच्या लेखी काही झालंच नाही.

ती बैठक

हे नानांना कसं सांगायचं हा प्रश्न होता. मी सांगितलं असतं तर ते 'बाहेरच्या बाईने सांगितलं' असं झालं असतं. निखिलने सांगितलं असतं तर पुन्हा तोच त्रिकोण. अश्विनीने स्वतः बोलायचं आणि ती बोलत असताना कुणी उत्तर द्यायचं नाही, असं ठरवून बैठक घेतली. नानांना आधी दोन बैठकांत तयार केलं: ऐकायचं, खुलासा द्यायचा नाही, कागद काढायचा नाही.

अश्विनी म्हणाली, "नाना, तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. मला त्या रात्री विचारलं असतं तरी मी कदाचित गेले नसते. पण ते मी ठरवलं असतं. माझे वडील होते."

पडद्यावर निखिल मान खाली घालून बसला होता. तो वर न बघता म्हणाला, "मी तुला विचारायला घाबरलो. तू जाते म्हणाली असतीस तर मला नाही म्हणता आलं नसतं. म्हणून नानांना विचारलं." अख्ख्या प्रकरणात माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचं वाक्य हेच. पाच वर्षं नानांच्या नावावर जमा होत गेलेला राग त्या वाक्याने जिथला होता तिथे, नवरा-बायकोच्या मध्ये, येऊन ठेपला. आणि तिथेच त्याचं काहीतरी करता येणार होतं.

नाना बोलले नाहीत. तसं ठरलंच होतं, पण ठरलं नसतं तरी त्यांना बोलता आलं असतं असं वाटत नाही. पुढच्या आठवड्यात ते माईंना घेऊन सिन्नरला गेले. विहीणबाई एकट्या राहतात, तीन वर्षांत हे दोघं त्यांच्याकडे एकदाच जाऊन आले होते. नवऱ्याच्या मागे सातबाऱ्यावर वारसनोंद व्हायची राहिली होती, एका कागदावाचून तलाठ्याकडे अडकलेली. नानांनी ती फाइल हातात घेतली. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, फेरफार अशी एकेक पायरी. अर्जात आईबरोबर अश्विनीचंही नाव लागतंय ना हे त्यांनी स्वतः पाहिलं. घरी आल्यावर अश्विनीला मेसेज केला: 'तुझ्या सहीचा कागद लागेल, सवडीने पाठव.' क्षमा हा शब्द त्यात कुठे नव्हता. अश्विनीने मला नंतर सांगितलं की तिला तो लागलाही नाही.

काय ठरलं

दोन समुपदेशिका आणि चौघं मिळून जे ठरलं ते साधं आहे. संसारातली कुठलीही मोठी गोष्ट, पैसा, प्रवास, घर, मूल, आधी निखिल-अश्विनीने आपसात बोलायची, ठरवायची, मग नाशिकला कळवायची. सल्ला हवा असेल तर दोघांनी मिळून मागायचा, एकट्याने फोन लावून नाही. नानांना याचा त्रास झाला. "म्हणजे आम्ही आता पाहुणे?" असं त्यांनी मला विचारलं. त्यावर बराच काळ बोलणं झालं. मुलाने सल्ला विचारणं थांबवलं की निवृत्त बापाच्या दिवसाला भोक पडतं, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नाना आता विहीणबाईंचे आणि प्रेसच्या दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांचे सरकारी कागद बघतात. त्यांना ते मनापासून आवडतं.

रोजचा फोन बंद केला नाही. वेळ सरकवली आणि लांबी कमी केली. आठवड्याच्या दिवसांत माई आवाजी निरोप ठेवतात, ज्याला जमेल तसं उत्तर येतं. शनिवारी नाशिकच्या संध्याकाळी मोठा फोन, आणि तो नातीचा. तिकडच्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत तिचं नाव घातलंय. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने अमेरिकेत अशा शाळा बऱ्याच ठिकाणी चालतात. तिचा गृहपाठ माई घेतात. आजीला ऐकू येईल इतक्या मोठ्याने बाराखडी म्हणायची, असा नियम नातीनेच काढला. 'मराठी बोलत नाही' ही तक्रार माईंच्या तोंडून त्यानंतर आली नाही, कारण ते काम आता त्यांच्याकडे आहे.

पैशाचं बोलणं अवघड गेलं. दोन्ही घरच्या आयांसाठी दरमहा सारखी रक्कम बाजूला काढायची, असं निखिल-अश्विनीने ठरवलं. लेकीकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हणून अश्विनीची आई अडून बसली होती. माईंनी तिला समजावलं, फोनवर, मी तिथे नसताना. काय सांगितलं ते मला माहीत नाही.

नाना-माईंच्या आजारपणाचाही आराखडा केला, कारण परदेशातल्या मुलाच्या अपराधीपणाचं ते एक मोठं मूळ असतं आणि त्या अपराधीपणातून नको ते निर्णय होतात. रात्री कुणाला उठवायचं, गाडी कुणाची, मेडिक्लेमचं कार्ड कुठे, कुठलं रुग्णालय. फ्रिजच्या दारावर कागद लावला. निखिलकडे त्याचा फोटो आहे.

जे झालं नाही

सगळं जुळून आलं असं लिहिणं खोटेपणाचं होईल. अश्विनीला मनासारखी नोकरी अजून मिळालेली नाही. चार वर्षांचा खंड पडलेला असताना औषधक्षेत्रात परत शिरणं कठीण आहे, आणि कॉलेजात शिकवणारी ती बाई घरी बसून राहते याची खंत कुठल्याही समुपदेशनाने जात नाही. ग्रीन कार्डाची रांग होती तिथेच आहे. अडचण आली की निखिल आजही गप्प होतो. फरक इतकाच की आता तो 'मला उद्यापर्यंत वेळ दे' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी खरंच बोलतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांमधले साधारण ६९ टक्के मतभेद कायमचे, कधीच पुरते न सुटणारे आढळले. या दोघांचेही बरेचसे तसेच असतील. ते घेऊन बोलत राहता येणं, हे उद्दिष्ट तिथल्या समुपदेशिकेने ठेवलं आणि मला ते योग्य वाटतं.

माई अधूनमधून म्हणतात की सकाळी साडेसात वाजले की हात आपोआप मोबाइलकडे जातो. आईच्या सवयीला इतक्या लवकर मोडायला सांगू नये. त्या वेळेला त्या आता सोसायटीतल्या बायकांबरोबर चालायला जातात. कधी जातात, कधी नाही.

पुढची बैठक निखिल-अश्विनी सुट्टीत नाशिकला येतील तेव्हा समोरासमोर होईल. स्टॅम्पिंगची मुंबईतली तारीख त्यांनी घेतली आहे. दोन विषय त्यांनी आधीच कळवले आहेत: गंगापूर रोडच्या फ्लॅटवर अश्विनीचं नाव कसं घालायचं, आणि मुलगी माध्यमिक शाळेत जाण्याआधी भारतात परतायचं की नाही. दुसऱ्या विषयावर नाना-माईंचं मत मागितलेलं आहे. नानांनी ते फुलस्केपवर लिहून ठेवलंय आणि मला वाचायला दिलं. पहिलं वाक्य असं आहे: 'तुम्ही दोघांनी जे ठरवाल ते कळवा, मग आमची सोय आम्ही कशी करणार ते आम्ही सांगू.'